अंगठीचा जन्मदाखला

इंग्लंडात यॉर्क शहराच्या दक्षिणेला एस्क्रिक नावाचं गाव आहे. २००९ साली तिथल्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका हौशी माणसाला सोन्याची अंगठी सापडली. मधोमध ठसठशीत नीलम, त्याच्या भोवती सोन्याचं बारीक काम आणि लाल काचेचे तुकडे. यॉर्कशर म्युझियमनं ३५ हजार पौंड उभे करून ती घेतली. सुरुवातीचा अंदाज असा, की अंगठी दहाव्या किंवा अकराव्या शतकातली असावी आणि एखाद्या बिशपच्या बोटात असावी. जानेवारी २०१३ मध्ये तीसहून अधिक जाणकार तिच्याभोवती चर्चेला बसले आणि उठले तेव्हा अंगठीचं वय पाचेकशे वर्षांनी वाढलेलं होतं. पाचवं किंवा सहावं शतक, घडण युरोपातली, कदाचित फ्रान्सकडची. वापरणारा बिशप नसून राजा, सरदार किंवा राजघराण्यातलं कुणी. नीलम तर त्याहूनही जुना ठरला. तो आधीच, बहुधा रोमन काळात, घासून तयार झालेला होता; नंतरच्या सोनारानं तो इथे बसवला.

एकाच अंगठीत दोन वयं. जुन्या रत्नजडित अंगठ्यांमध्ये हे इतकं सर्रास आढळतं, की 'ही अंगठी कोणत्या काळातली?' या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल मला आधी शंका येते. आपल्याकडच्या नवरत्नांच्या अंगठीचं उदाहरण घ्या. नऊ खडे आणि एक सोनं, म्हणजे दहा वयं आणि दहा गावं. पेठेत 'पेशवेकालीन' हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. खडा, कोंदण आणि कडं यांतलं नेमकं काय पेशवेकालीन, हे विचारायचं धाडस गिऱ्हाईक सहसा करत नाही.

सोन्याचं वय सांगणं मुळात इतकं अवघड का? लाकूड, हाड, कापड यांचं वय कार्बन-१४ वरून काढता येतं. सोन्यात तो कार्बनच नाही. सोनं गंजत नाही, त्यामुळे ते किती शतकं मातीत पडून होतं याची पुटंही त्याच्यावर चढत नाहीत. शिवाय १०६४ अंश सेल्सियसला ते वितळतं, आणि एकदा मुशीत गेलं की हातोडीचे घाव, कानशीचे ओरखडे, कारागिराच्या हाताची सगळी वळणं नाहीशी होतात. आपल्याकडे तर हा घरोघरचा रिवाज. आजीच्या पाटल्या मोडून नातसुनेच्या बांगड्या करायच्या, आणि ती मोड दहा घरांच्या मोडीबरोबर एकत्र गाळली जायची. तुमच्या बोटातल्या वळ्यात कोलारच्या खाणीतलं, आफ्रिकेतलं आणि एखाद्या रोमन नाण्यातलं सोनं शेजारी शेजारी नांदत असेल, तर ते वेगळं करून दाखवणारं यंत्र आज तरी नाही.

तरीही सोनं अगदीच मुकं नसतं. नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्यात कधी कधी ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम या धातूंचे सूक्ष्म कण येतात. इरिडियम वितळायला २४०० अंशांच्या वर तापमान लागतं, तेव्हा सोनाराच्या भट्टीत या कणांच्या केसालाही धक्का लागत नाही. प्राचीन दागिन्यांच्या पृष्ठभागावर ते रुपेरी ठिपक्यांसारखे दिसतात. ते दिसले, की हे सोनं डोंगर फोडून काढलेलं नसून नदीतून आलेलं आहे, एवढं तरी कळतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाचे ओटो ऑयग्स्टर यांनी आणखी एक वाट शोधली. सोन्यात युरेनियम आणि थोरियमचा अगदी किंचित अंश असतो. त्यांच्या ऱ्हासातून हेलियम तयार होतो आणि सोन्यात अडकून राहतो. सोनं वितळलं की तो उडून जातो. म्हणजे साठलेला हेलियम मोजला, तर सोनं शेवटचं कधी वितळलं होतं ते सांगता यायला हवं. कल्पना मोठी देखणी. पण दोन-तीन हजार वर्षांत साठणारा हेलियम इतका नगण्य असतो, की ही पद्धत रोजच्या कामाची झालेली नाही.

लबाडी पकडायला याहून साधी गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे झाळ. कड्याची दोन टोकं जोडायला सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू लागतो. जुने कारागीर सोन्यात तांबं आणि चांदी घालून तो बनवत. पुढे झाळेत कॅडमियम घालायची पद्धत आली. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर एके काळी झळकणारी 'केडीएम' ही अक्षरं तिचीच. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. दागिना गाळला की त्याची वाफ होऊन जाते आणि सोन्याचा कस घटत नाही. सराफाला ते सोयीचं होतं. भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांना मात्र ती वाफ विषारी, आणि त्या कारणानंच ही झाळ बाद ठरली. आता गंमत अशी, की कॅडमियम हे मूलद्रव्यच मुळी १८१७ मध्ये सापडलं. तेव्हा 'रोमन' म्हणून विकायला आलेल्या अंगठीच्या सांध्यात क्ष-किरणांखाली भरपूर कॅडमियम दिसलं, तर एक तर तो सांधा अलीकडे दुरुस्त झाला आहे किंवा अख्खी अंगठीच अलीकडची आहे. तारेचंही तसंच. प्राचीन सोनार सोन्याची पातळ पट्टी पिळून, दोन सपाट पृष्ठभागांमध्ये वळून तार करत. तिच्यावर मळसूत्रासारखी शिवण राहते. छिद्रांच्या जंत्रीतून ओढलेल्या तारेवर उभ्या, समांतर रेघा उमटतात. हे बघायला चांगलं भिंग आणि सवयीची नजर पुरते.

खड्याची गोष्ट निराळी. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपं. दोन्ही म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड; त्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं तर लाल माणिक, लोह आणि टायटॅनियम एकत्र शिरले तर निळा नीलम. ते वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. सोनार अंगठी शंभरदा मोडो, खडा काढून बाजूला ठेवला जातो आणि नव्या कोंदणात जसाच्या तसा बसतो. खडकात ज्या दाबाखाली, ज्या खारट-गरम पाण्यात तो जमला, तिथलं काही ना काही त्याच्या पोटात कोंडलेलं राहतं. गिऱ्हाईक आणि ज्योतिषी खड्यात डाग दिसला की नाक मुरडतात. रत्नशास्त्रज्ञ आधी तो डागच शोधतो. कोलंबियाच्या पाचूत सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी कडांची इवली पोकळी दिसते. तिच्यात खारं पाणी, पाण्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. ज्या द्रावातून तो पाचू कोट्यवधी वर्षांपूर्वी घडला, त्याचा थेंबच तिथे बंद होऊन राहिलेला असतो.

खड्यांच्या या स्मरणशक्तीचा सगळ्यात मोठा फायदा युरोपच्या इतिहासाला झाला, आणि तो आपल्या तामड्यामुळे. तामडा म्हणजे गार्नेट. नवरत्नांतला गोमेद हा त्याचाच एक प्रकार. रोमन साम्राज्य मोडल्यावर, पाचव्या ते सातव्या शतकांत, फ्रान्सपासून इंग्लंडपर्यंतच्या राजेरजवाड्यांना लाल तामड्याचं वेड लागलं होतं. खडा मिलिमीटरभर जाडीच्या चकत्यांत कापायचा आणि सोन्याच्या बारीक कप्प्यांत एकाला एक लावून बसवायचा, अशी ती शैली. पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या थडग्यांत असे दागिने विपुल सापडले. इतका तामडा येत कुठून होता? युरोपात बोहेमियात तो मिळतो, तेव्हा तिथूनच, असं समजणं सोपं होतं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात कणत्वरक यंत्र बसवलेलं आहे. जगातल्या थोड्याच संग्रहालयांना अशी चैन परवडते. त्यातून निघणारा प्रोटॉनचा बारीक झोत दागिन्यावर सोडला, की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकतं. दागिन्याचा कण काढावा लागत नाही, खडा कोंदणातून उचकटावा लागत नाही, वस्तू निर्वात पेटीत कोंबावीही लागत नाही. तोमा कालिगारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झोताखाली सँ-दनीचे तामडे ठेवले. जोडीला दुसरं साधन होतं रामन वर्णपटाचं. लेझरचा प्रकाश खड्यावर टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो तो तपासायचा. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवला तोच परिणाम. प्रत्येक खनिजाचा हा वर्णपट निराळा. हिऱ्याची रेघ १३३२ या आकड्यावर येते, मग तो कोहिनूर असो की नथीतली कणी. रामन यांना स्वतःला हिऱ्यांचं जबर आकर्षण होतं आणि त्यांनी हिऱ्यांवर अनेक वर्षं संशोधन केलं. आज जगभरच्या संग्रहालयांत कोंदणातल्या खड्याची ओळख त्यांच्या नावाच्या यंत्रानं पटवली जाते, याची आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी दखल घेतलेली नाही.

लूव्रमधून निघालेला निष्कर्ष असा: आधीच्या काळातल्या तामड्यांचा बराच मोठा भाग भारतातला, काही श्रीलंकेतला. बोहेमियाचा तामडा दागिन्यांत ठळकपणे दिसू लागतो तो सहाव्या शतकाच्या शेवटी आणि सातव्या शतकात, तेही लहान खड्यांच्या रूपात. त्या सुमाराला तांबड्या समुद्रातून चालणारा व्यापार विस्कटला असावा आणि युरोपच्या सोनारांना घराजवळचा माल वापरावा लागला असावा, असा याचा अर्थ लावतात. कुठल्याही दरबारी बखरीत या व्यापाराचा जमाखर्च राहिलेला नाही. मॅग्नेशियम, लोह आणि क्रोमियम यांच्या प्रमाणांवरून तो आता वाचता येऊ लागला आहे.

भारताच्या बाजूनंही हा धागा ओढला गेला. पुदुच्चेरीजवळचं अरिकामेडू हे रोमशी व्यापार करणारं बंदर, तिथे तामड्याचे मणी घडत होते. २०१७ मध्ये कार्ल श्मेट्झर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तामड्यांचं नातं थेट तेलंगणातल्या गरीबपेटच्या साठ्याशी जोडून दाखवलं. या चमूत पुण्याच्या रत्नशास्त्रज्ञ जयश्री पंजीकर होत्या आणि लूव्रचे कालिगारोही. खूण होती सिलिमनाइट नावाच्या खनिजाच्या केसासारख्या तंतूंची. ते खड्याच्या ठरावीक भागात दाटलेले आणि बाकी भाग स्वच्छ, ही मांडणी दोन्हीकडे सारखी निघाली. गरीबपेट ते अरिकामेडू हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटरचं. कच्चा माल एवढा प्रवास करून बंदरावर येत होता, म्हणजे त्यामागे व्यापाऱ्यांची पक्की साखळी असणारच.

पाचूचं प्रकरण आणखी चुरशीचं. भारतीय दरबारांतल्या मोठ्या, गर्द पाचूंना जव्हेरी 'जुन्या खाणीचे' म्हणत, आणि त्या खाणी आशियातच कुठेतरी होत्या पण आता हरवल्या, अशी समजूत होती. हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातले असे चार पाचू गास्तों झ्युलियानी यांच्या चमूला तपासायला मिळाले. त्यांनी पाचूतला ऑक्सिजन मोजला. ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, तर हजारात दोनेक १८ वजनाचे. गावोगावच्या विहिरीच्या पाण्याची चव बदलावी तसं हे प्रमाण खडकाखडकागणिक थोडं बदलतं, आणि खडकातून फिरलेल्या द्रावातून पाचू घडताना ते पाचूत उतरतं. आयनांचा झोत टाकून हे मोजताना खड्यावर पडणारा खड्डा नुसत्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

जानेवारी २००० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आला. निजामाच्या चार पाचूंपैकी तीन कोलंबियाचे होते, एक अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यातला. हरवलेल्या खाणींची कथा त्या दिवशी संपली. याच तपासणीत गॅलो-रोमन काळातल्या, फ्रान्समध्ये सापडलेल्या एका कर्णभूषणातला पाचू स्वातच्या खोऱ्यातला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला ठरला. फ्रान्सच्या राजमुकुटातला पाचू ऑस्ट्रियाच्या आल्प्समधला निघाला. स्वातच्या पाचूंचा शोध विसाव्या शतकातला, असं भूगर्भशास्त्राची पुस्तकं सांगत होती. रोमन व्यापाऱ्यांना तो माल दीड-दोन हजार वर्षं आधी ठाऊक होता.

कोलंबियाचा पाचू दख्खनच्या दरबारात पोचला कसा, याचं उत्तर गोव्यात आहे. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात कोलंबियातल्या मुझोच्या खाणी ताब्यात घेतल्या. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, त्यामुळे सेव्हिलला उतरलेला पाचू लिस्बनहून गोव्याकडे निघायला फारशी अडचण उरली नाही. गोव्यातून विजापूर, गोवळकोंडा आणि मुघल दरबार. परतीच्या जहाजात गोवळकोंड्याचे हिरे. ज्याक द कूत्र हा फ्लेमिश जव्हेरी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहून हाच धंदा करत होता आणि त्यानं आपल्या फिरतीच्या आठवणीही लिहून ठेवल्या. युरोपात पाचूला जो भाव होता त्याहून इथल्या दरबारांत जास्त होता, एवढं एक कारण त्या सगळ्या समुद्रप्रवासाला पुरेसं होतं. हिऱ्यांच्या बाबतीत प्रवाह उलटा. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा देश जवळजवळ भारतच होता. रोमन अंगठ्यांत न घासलेले, निसर्गतः आठ पैलूंचे हिरे आढळतात, ते इथलेच मानले जातात.

तपासणीत अडथळा येतो तो बहुधा कोंदणाचा. कुंदन कामात शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेनं दाबत जातात. शुद्ध सोन्यावर ऑक्साइडचा थर चढत नाही, म्हणून नुसत्या दाबानं, आगीशिवाय, पट्टी पट्टीला चिकटून एकजीव होते. हे थंड जोडकाम म्हणजे पदार्थविज्ञानाचा सुंदर प्रयोग आहे, आणि आच लागत नसल्यानं नाजूक पाचूलाही ते मानवतं. पण खड्याची पाठ त्यात कायमची बंद होते. पाठीमागे डांक, म्हणजे चकचकीत पत्रा, घातलेला असतो. फिकट माणकाखाली लालसर डांक घातली की खडा रसरशीत दिसतो. सँ-दनीच्या तामड्यांखालीही नक्षीदार सोन्याचा पत्रा आहे, कारण पातळ चकतीतून गेलेला प्रकाश परत फिरला तरच ती पेटल्यासारखी लाल दिसते. फ्रान्सचा सोनार आणि राजस्थानचा जडिया यांनी एकमेकांना पाहिलं नसेल, प्रकाशाची खोडी दोघांनाही बरोबर कळली होती. प्रयोगशाळेला मात्र अशा खड्याचा अपवर्तनांक मोजायचा तर पंचाईत होते, आणि तिथे मग रामन वर्णपट कामाला येतो. ब्रिटनच्या राजमुकुटातलं प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हे माणिक नसून स्पिनेल हे दुसरंच खनिज आहे. लाल दिसतं ते माणिक, हा डोळ्यांचा न्याय शतकानुशतकं चालला.

आता घरातल्या जुन्या अंगठीबद्दल. पणजीच्या अंगठीतलं माणिक खरं आहे का, असं विचारलं जातं तेव्हा वर्षाचा हिशेब आधी करावा. ओग्युस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीतून पाडून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, आणि १९०७ पर्यंत असं माणिक वर्षाला हजार किलोच्या घरात निघू लागलं. घड्याळांच्या यंत्रांत ते गेलं तसं अंगठ्यांतही गेलं. तेव्हा १९२० सालची अंगठी अस्सल जुनी, तिच्यातलं माणिक रासायनिकदृष्ट्या अस्सल, आणि तरी ते खाणीतलं नसून भट्टीतलं, हे सगळं एकदम खरं असू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. खाणीतल्या स्फटिकात वाढीच्या रेषा सरळ, कोन करून वळणाऱ्या असतात. भट्टीतल्या माणकात त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांप्रमाणे वक्र दिसतात.

उलट दिशेनंही तारखा उपयोगी पडतात. काश्मीरच्या पाडर भागात नीलम सापडले ते १८८० च्या सुमाराला. शाहजहानच्या काळची म्हणून दाखवलेल्या अंगठीत काश्मिरी नीलम असेल, तर कडं कितीही जुनं असलं तरी तो खडा नंतर बसवलेला आहे. सगळ्यात कठीण जोडी श्रीलंका आणि मादागास्करच्या नीलमांची. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी हे दोन्ही भूभाग आणि आपला दक्षिण भारत गोंडवन भूखंडात एकमेकांजवळ होते, आणि दोन्हीकडचे बरेच नीलम त्या काळच्या भूगर्भातल्या एकाच उलथापालथीत घडले. त्यांच्यातल्या सूक्ष्म घटकांची प्रमाणं इतकी मिळतीजुळती, की दोन नामांकित प्रयोगशाळा एकाच खड्याला दोन देश देतात. मादागास्करच्या इलाकाका भागातले नीलम १९९८ नंतरच बाजारात आले. म्हणून इथे रसायनशास्त्र इतिहासाकडे मदत मागतं. कोंदण दोनशे वर्षांचं आणि न उघडलेलं असेल, तर मादागास्कर बाद आणि श्रीलंकेचं पारडं जड. पण मूळ खडा कधी निखळून पडला असेल आणि २००५ साली कुणी पेठेतून त्याच मापाचा दुसरा आणून बसवला असेल, तर हाच तर्क खड्याला चुकीचा देश देईल. त्यामुळे नीलमाच्या मूळ देशाचा दाखला लिहिण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली जातं ते कोंदण, त्याच्या कडा एकदाच दाबल्या आहेत की पुन्हा उचकटून दाबल्या आहेत हे पाहायला.